लग्नसमारंभासाठी पाण्यात बुडविलेल्या पुष्परचना : कृती व किंमत-आकारणी

तुळशीचे लग्न लागले की आपल्याकडे लग्नसराईस प्रारंभ होतो आणि फुलांच्या बाजारात चैतन्य येते. मुंबईतील दादर व पुण्यातील गुलटेकडी येथील फूलबाजारांत मुहूर्ताच्या आदल्या दिवशी जी फुले चढ्या भावाने जातात, तीच फुले मुहूर्त संपताच पडत्या भावाने द्यावी लागतात. फूल हा नाशिवंत माल असल्याने ते राखून ठेवणे उत्पादकाच्या हाती नसते. भाव पडला तरी तोडणी, जुडी बांधणे, वाहतूक, हमाली व आडत हे खर्च चुकत नाहीत. अशा परिस्थितीत फुलांवर काही संस्कार करून त्यांचे मूल्य गावातच वाढविता येईल काय, असा प्रश्न अनेक फूलउत्पादक शेतकरी बंधू-भगिनी विचारतात. हार, वेण्या व तोरणे हे त्याचे जुने मार्ग आहेत. अलीकडे त्यांत आणखी एका मार्गाची भर पडली आहे.

पूर्वी लग्नाचे जेवण पंगतीत होत असे. आता मंगल कार्यालयांत व लॉनवर स्वागत समारंभासाठी गोल टेबले मांडली जातात आणि प्रत्येक टेबलाच्या मध्यभागी एखादी शोभेची रचना ठेवण्याची पद्धत रूढ झाली आहे. काचेच्या उंच पात्रात फुले पूर्णपणे पाण्याखाली ठेवून वर तरंगती मेणबत्ती लावलेली रचना ही त्यांपैकीच एक होय. पितळी घंगाळात पाणी भरून त्यावर फुले व पाकळ्या तरंगविण्याची रीत आपल्या घरांत परिचित आहे. येथे फूल पाण्यावर न ठेवता पाण्यात ठेवावयाचे, एवढाच फरक आहे. मात्र हा फरक दिसतो तितका साधा नाही. तो समजून न घेता काम घेतल्यास रचना बिघडते आणि हिशेब न करता काम घेतल्यास श्रम फुकट जातात. म्हणून कृती व किंमत या दोन्ही बाजूंचा येथे क्रमाने विचार केला आहे.

या रचनेचे वैशिष्ट्य

पाण्याने भरलेले गोल काचपात्र भिंगाप्रमाणे काम करते. त्यातील फूल बाजूने पाहिले असता प्रत्यक्षाहून अधिक रुंद दिसते. त्यामुळे दोन-तीन फुलांतही पात्र भरल्यासारखे वाटते आणि साध्या फुलदाणीस जितकी फुले लागतात, त्याहून पुष्कळ कमी फुलांत काम भागते. ही गोष्ट ग्राहकाच्या सोयीची आहे. उत्पादकाने मात्र तिचा दुसरा अर्थही ध्यानात घ्यावा. या कामात फुले थोडी आणि श्रम अधिक लागतात. दहा गुंठ्यांच्या हरितगृहातील जरबेऱ्यापासून वर्षास दर चौरस मीटरला सुमारे २०० फुले धरली, तरी सरासरीने दररोज साडेपाचशेच्या आसपास फुले निघतात. पंचवीस टेबलांच्या समारंभास पुढील हिशेबाप्रमाणे त्यांतील अवघी साठ फुले लागतील. तेव्हा शिल्लक फुले खपविण्याचा हा उपाय नव्हे. घरच्या किंवा गटाच्या श्रमाला व कौशल्याला योग्य दाम मिळवून देणारा हा जोडधंदा आहे. तो याच दृष्टीने केला तर फायद्याचा ठरतो.

फुलांची निवड

पाण्याखाली फुलाचा श्वास कोंडतो. हवेच्या मानाने पाण्यातून प्राणवायू फारच सावकाश पसरतो. त्यामुळे पाकळीतील पेशी हळूहळू मरू लागतात, पाकळ्यांत पाणी शिरते व त्या काचेसारख्या पारदर्शक होऊन लोंबू लागतात. ज्या फुलाची पाकळी जाड व मेणचट असते त्यात ही क्रिया उशिरा घडते. या दृष्टीने डेंड्रोबियम ऑर्किड व अँथुरियम ही फुले उत्तम होत. कोकणच्या दमट हवेत शेडनेटखाली ही दोन्ही फुले घेता येतात. त्यांच्या खालोखाल जरबेरा व अर्धवट उमललेला गुलाब ही फुले एका समारंभापुरती चांगली टिकतात. मावळ भागातील गुलाब आणि पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर व नाशिक या जिल्ह्यांतील जरबेरा यांमुळे ही फुले आपल्या हाताशी आहेत.

शेवंतीसारख्या दाट पाकळ्यांच्या फुलात हवा अडकून राहते. ते फूल वर येण्यासाठी जोर करते आणि त्यावर बुडबुड्यांचा थर बसतो. झेंडूच्या बाबतीतही हीच अडचण आहे. पातळ पाकळीची फुले काही तासांतच निस्तेज होतात. ही फुले हार-तोरणांसाठीच राखावीत.

रंगाचाही विचार करावा. गडद लाल व जांभळ्या फुलांतील रंगद्रव्य पाण्यात विरघळणारे असते. पाकळी मरू लागली की ते पाण्यात उतरते व पाणी गुलाबी दिसू लागते. पिवळ्या व केशरी फुलांतील रंगद्रव्य बहुधा पाण्यात विरघळत नाही. म्हणून नवशिक्यांनी प्रथम पिवळा, केशरी किंवा फिकट गुलाबी जरबेरा निवडावा आणि गडद लाल फुलांची मागणी परीक्षा घेतल्यावाचून स्वीकारू नये.

चोवीस तासांची परीक्षा

जात, हंगाम, पाणी व हवामान यांनुसार फुलाचा टिकाव बदलतो. यासाठी प्रत्येकाने आपल्या फुलांची व आपल्या पाण्याची परीक्षा स्वतः घ्यावी. एका पात्रात निवडलेले फूल बुडवून ठेवावे आणि तीन, सहा, बारा व चोवीस तासांनी ते पाहून वहीत नोंद करावी. पाकळी पारदर्शक झाली काय, पाण्यास रंग आला काय, बुडबुडे धरले काय आणि फूल जागेवरून सुटले काय, या चार प्रश्नांची उत्तरे लिहावीत. जे फूल बारा तास निर्दोष राहील तेच संध्याकाळच्या समारंभासाठी घ्यावे. रचना भरल्यापासून पाहुणे जाईपर्यंत सहा ते आठ तास जातात. उरलेला अवधी अकस्मात उशिरासाठी हाताशी असावा. ही परीक्षा उन्हाळ्यात पुन्हा घ्यावी, कारण उष्ण हवेत फुले लवकर खराब होतात.

पात्र, वजन व पाणी

सरळ बाजूंचे व जाड बुडाचे काचपात्र घ्यावे. सजावटकार यास सिलिंडर म्हणतात. आतून १२ सेंटिमीटर व्यासाचे व ३५ सेंटिमीटर उंचीचे पात्र टेबलावर स्थिर राहते. त्यात ३० सेंटिमीटरपर्यंत पाणी भरल्यास सुमारे ३.४ लिटर पाणी लागते. म्हणजे पंचवीस पात्रांस ८५ लिटर पाणी हवे. एवढे पाणी भरलेल्या पात्रांतून नेणे धोक्याचे असल्याने पात्रे रिकामी न्यावीत व समारंभाच्या जागीच भरावीत.

फूल पाण्यावर तरंगू पाहते. यास्तव दांड्याच्या टोकास वजन बांधावे लागते. स्टेनलेस स्टीलचा लहान नट तांब्याच्या बारीक तारेने किंवा मासेमारीच्या पारदर्शक दोऱ्याने बांधावा. साध्या लोखंडी तारेस गंज चढतो, म्हणून ती वापरू नये. शिशाचे वजनही वापरू नये. वजन किती लागेल हे बादलीत बुडवून पाहावे. फूल तळाशी बसून राहिले म्हणजे वजन पुरेसे झाले. वजन खाली आणि तरंगू पाहणारे फूल वर, अशा ओढीमुळे ते आपोआप ताठ उभे राहते. नट झाकण्यासाठी काचेच्या गोट्या किंवा स्वच्छ धुतलेले नदीतील गोटे तळाशी घालावेत.

रचनेचा खरा शत्रू म्हणजे बुडबुडे. थंड पाण्यात हवा अधिक विरघळलेली असते. ते पाणी मांडवात तापू लागले की हवा सुटून पाकळ्यांवर व काचेवर बुडबुडे धरतात. यासाठी पाणी आदल्या दिवशी उकळून, झाकून, रात्रभर निवत ठेवावे. विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी जड असेल तर उकळल्यावर पांढरा गाळ तळाशी बसतो. वरचे पाणी न हलविता काढून दुपदरी कापडातून गाळावे. शुद्धीकरण केलेल्या पाण्याचे २० लिटरचे जार विकत घेणे सोयीचे असते, परंतु ते थंड केलेले घेऊ नयेत. थंड पाण्यामुळे बुडबुडे तर येतातच, शिवाय काचेवर बाहेरून दव धरते. नुकतेच उकळलेले गरम पाणीही वापरू नये, कारण त्याने पाकळ्या शिजतात. साखर किंवा फुले टिकविण्याची पूड या पाण्यात घालू नये. त्यामुळे पाणी गढूळ होते.

कृती

१. फुले सकाळी लवकर तोडावीत. जरबेऱ्याच्या मधल्या चकतीतील बाहेरच्या दोन ओळी उमलल्यावर फूल तोडणीयोग्य समजावे. तोडल्यावर दांडे किमान चार तास स्वच्छ पाण्यात ठेवून जुड्या सावलीत, थंड जागी ठेवाव्यात. पाणी पिऊन ताठ झालेले फूलच बुडविण्यास योग्य असते.

२. कीटकनाशक फवारलेली फुले प्रतीक्षाकाल संपण्यापूर्वी वापरू नयेत. ही रचना जेवणाच्या टेबलावर जावयाची आहे, याचा विसर पडू नये.

३. डागाळलेल्या पाकळ्या व जादा पाने काढावीत. पाण्याखाली लहानसा डागही मोठा दिसतो.

४. दांडा हव्या त्या लांबीवर बादलीतील पाण्याखालीच कापावा, म्हणजे पोकळ दांड्यात पाणी भरते व पुढे त्यातून हवा सुटत नाही. त्यानंतर वजन बांधावे.

५. फूल बादलीत बुडवून हलक्या हाताने फिरवावे. पाकळ्यांमध्ये अडकलेली हवा निघून जाते.

६. काचपात्र साबणाने धुऊन, निर्मळ पाण्याने खळबळून, मऊ कापडाने पुसावे. जड पाण्याचे पांढरे डाग असल्यास व्हिनेगरने पुसावे. बोटांचे ठसेही दिव्याच्या उजेडात उठून दिसतात.

७. प्रथम पात्रात वजनासह फुले व पान उभे करावे आणि भोवती गोट्या घालाव्यात. नंतर रबरी नळी तळापर्यंत सोडून पाणी सावकाश भरावे. वरून धार सोडल्यास पाण्यात पुन्हा हवा मिसळते व फुले विस्कटतात.

८. अर्ध्या तासाने पात्रे तपासावीत. धरलेले बुडबुडे लांब दांडीच्या मऊ कुंचल्याने सोडवावेत. मेणबत्ती शेवटी ठेवावी व पाहुणे येण्याच्या वेळी लावावी.

साधारणपणे जरबेऱ्याची दोन फुले वेगवेगळ्या उंचीवर, ऑर्किडचा एक दांडा व एक लांबट पान एवढी सामग्री एका पात्रास पुरे होते. गर्दी केल्यास भिंगाचा लाभ जाऊन केवळ गोंधळ दिसतो.

समारंभस्थळी दक्षता

मेणबत्तीची ज्योत पात्राच्या कडेच्या खाली राहील असे पाणी भरावे. कापडी पडदे किंवा पंख्याचा झोत जवळ असल्यास मेणबत्ती लावू नये. भरलेले पात्र पाच किलोग्रॅमच्या आसपास वजनाचे होते, म्हणून डुगडुगणाऱ्या टेबलावर ते ठेवू नये. अँथुरियमसारख्या काही फुलांचा रस तोंडास चरचरतो. त्यामुळे हे पाणी पिण्याचे नाही, याची जाणीव वाढप्यांस व मुलांच्या पालकांस द्यावी. समारंभ संपल्यावर तारा व नट सोडवून घ्यावेत, फुले कंपोस्ट खड्ड्यात टाकावीत व पाणी झाडांस द्यावे.

किंमत कशी ठरवावी

आता महत्त्वाच्या प्रश्नाकडे वळू. या कामात पुष्कळांचे नुकसान कृतीत होत नाही, ते किंमत सांगताना होते. ग्राहक दूरध्वनीवर विचारतो, 'एका टेबलाचे किती घ्याल?' आणि उत्तर देणारा फुलांचा भाव मनात आणून त्याची दुप्पट सांगतो. हारांच्या कामात ही रीत कदाचित चालून जात असेल. या कामात ती घातक आहे. पुढील उदाहरणावरून हे स्पष्ट होईल.

पंचवीस टेबलांची मागणी आली असे समजू. दोन पात्रे जादा न्यावयाची, म्हणून सत्तावीस पात्रांची तयारी करावयाची. येथे घेतलेले दर केवळ हिशेबाची रीत समजावी म्हणून मानलेले आहेत. प्रत्यक्ष काम करताना आपल्या बाजारातील त्या वेळचे दर घालावेत.

फुले व पाने : जरबेरा ६ जुड्या (प्रत्येकी १० फुले) दर रु. ६० प्रमाणे रु. ३६०, ऑर्किड ३ जुड्या (प्रत्येकी १० दांडे) दर रु. ४०० प्रमाणे रु. १,२००, पाने रु. १५०. एकूण रु. १,७१०

पाणी : ५ जार, दर रु. ४० प्रमाणे. एकूण रु. २००

मेणबत्त्या : ३० नग, दर रु. १० प्रमाणे. एकूण रु. ३००

पात्रांचा खर्च : ने-आण करताना एक पात्र फुटेल असे धरून रु. ४००; पात्रांत गुंतलेल्या भांडवलाचे व्याज रु. १००. एकूण रु. ५००

मजुरी : २३ तास, दर तासास रु. ७५ प्रमाणे. एकूण रु. १,७२५

वाहतूक : नेणे व परत आणणे अशा दोन खेपा, दर खेपेस रु. ९०० प्रमाणे. एकूण रु. १,८००

नमुना दाखविणे, दूरध्वनी, खोकी व गवत : एकूण रु. २००

एकूण खर्च : रु. ६,४३५

मजुरीचे २३ तास पुढीलप्रमाणे होतात. पाणी, फुले, वजने व पात्रे यांची पूर्वतयारी ६ तास. दर पात्रास १२ मिनिटे या हिशेबाने पंचवीस पात्रांची मांडणी ५ तास. दोन्ही खेपांतील चढ-उतार व प्रवास ९ तास. परत आल्यावर धुणे, पुसणे व मोजदाद ३ तास. हे तास घरच्या माणसांचे असले तरी ते हिशेबात धरलेच पाहिजेत. आपल्या लेकी-सुनांचे व गटातील भगिनींचे श्रम फुकटचे नाहीत. त्याच न्यायाने स्वतःच्या हरितगृहातील फुलेही बाजारभावाने धरावीत. ती विकत आणली नाहीत म्हणून त्यांची किंमत शून्य होत नाही.

भांडवलाच्या व्याजाचा खुलासा असा : पात्र रु. ४०० व गोट्या-वजने रु. ६० मिळून एका संचास रु. ४६० पडतात. सत्तावीस संचांस रु. १२,४२० लागतात. दरसाल दरशेकडा १२ प्रमाणे त्यावर वर्षाचे सुमारे रु. १,४९० व्याज होते. वर्षात पंधरा कामे मिळाली तर प्रत्येक कामावर सुमारे शंभर रुपये पडतात.

एकूण खर्चास पंचविसाने भागले असता दर टेबलास रु. २५७ व ४० पैसे पडतात. ही किंमत नव्हे, हा केवळ खर्च आहे. जोखीम, देखरेख व नफा यांसाठी खर्चावर २५ टक्के मिळविल्यास सुमारे रु. ३२२ होतात. ग्राहकास रु. ३२५ सांगावेत. पंचवीस टेबलांचे रु. ८,१२५ येतील व खर्च वजा जाता रु. १,६९० हाती राहतील. येथे एक गोष्ट ध्यानात असावी. खर्चावरील २५ टक्के म्हणजे विक्रीच्या किमतीवरील २० टक्केच होत. म्हणून ग्राहकाने 'पंचवीस टक्के कमी करा' म्हटल्यावर नफा तेवढाच जाईल, असे समजणे चूक आहे. तसे केल्यास पदरचे पैसे घालावे लागतील.

'फुलांच्या दुप्पट' या रीतीचा परिणाम

आता फुलांच्या दुप्पट किंमत सांगणाऱ्याचा हिशेब पाहू. फुलांचा खर्च रु. १,७१०, त्याची दुप्पट रु. ३,४२०. प्रत्यक्ष खर्च रु. ६,४३५ असल्याने रु. ३,०१५ तूट येते. मजुरीचे सर्व रु. १,७२५ बुडाले तरी आणखी रु. १,२९० खिशातून जातात. घरचीच माणसे राबल्यामुळे ही तूट त्या दिवशी दिसत नाही. ती हंगामाच्या अखेरीस, फुटलेली पात्रे पुन्हा घेण्यास पैसे नसतात तेव्हा दिसते. चांगले हात असलेले अनेक गट काम सोडतात ते याच कारणाने.

वरील तक्त्यात फुलांचा वाटा एकूण खर्चाच्या सुमारे २७ टक्के आहे. यातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, फुलांचा बाजार पडला म्हणून आपला दर फारसा उतरविण्याचे कारण नाही. जरबेऱ्याची जुडी ६० वरून २० रुपयांवर आली तरी सबंध कामात रु. २४० वाचतात, म्हणजे दर टेबलास दहा रुपयेदेखील नाहीत. दुसरा असा की, मोठ्या मुहूर्तास भाव चढला तरी दर थोडाच वाढवावा लागतो. जरबेऱ्याचा भाव दुप्पट झाला व ऑर्किडची जुडी ६०० रुपयांस गेली तर एकूण रु. ९६० अधिक लागतात, म्हणजे दर टेबलास सुमारे ३८ रुपये. यासाठी दर सांगताना तो किती दिवस लागू राहील हे लेखी कळवावे आणि फुलांच्या भावातील मोठ्या फरकाची तरतूद आधीच बोलून ठेवावी. अशा रीतीने बाजाराची चढ-उतार ज्या उत्पादकास जुडीमागे सोसावी लागते, त्यास या कामात ती बरीच सौम्य लागते.

लहान व मोठी मागणी

वाहतूक, नमुना आणि चढ-उताराचे ९ तास मिळून रु. २,६७५ हा खर्च टेबले कमी असली तरी फारसा घटत नाही. उरलेला खर्च दर टेबलास सुमारे १५० रुपये आहे. दहाच टेबलांची मागणी असेल तर खर्च सुमारे रु. ४,१७९, म्हणजे दर टेबलास रु. ४१८ होतो व २५ टक्के मिळवून सुमारे रु. ५२५ सांगावे लागतात. पन्नास टेबलांस, एकाच वाहनात काम भागल्यास, हाच दर रु. २५५ पर्यंत येतो. म्हणून सर्वांस एकच दर न सांगता दहा, पंचवीस व पन्नास टेबलांचे तीन दर लिहून ठेवावेत. दहापेक्षा कमी टेबलांचे काम गावातलेच असेल तरच घ्यावे.

कित्येकदा काम मंडप व सजावट करणाऱ्या मध्यस्थामार्फत येते. तो कमी दर मागतो. तो वाहतूक व चढ-उतार स्वतः करणार असेल तर आपला रु. २,४७५ खर्च वाचतो. त्या स्थितीत दर टेबलास खर्च रु. १५८ व किंमत सुमारे रु. २०० ठरते. तो हे काम करणार नसेल तर दर उतरविण्यास आधार राहत नाही. सवलत द्यावयाची ती वाचलेल्या खर्चातून द्यावी, आपल्या मजुरीतून देऊ नये.

विसार, अनामत व नोंद

काम ठरताच मागणीपत्र लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. त्यात तारीख, मुहूर्ताची व स्वागत समारंभाची वेळ, कार्यालयाचे नाव, टेबलांची संख्या, फुलांचा प्रकार व रंग, दर आणि पात्रे परत नेण्याची वेळ नमूद करावी. ठरलेले फूल न मिळाल्यास कोणते फूल चालेल हेही लिहावे. निम्मी रक्कम विसार म्हणून घ्यावी व उरलेली मांडणी पूर्ण होताच घ्यावी. लग्नघाईत रात्री पैसे मागणे दोन्ही पक्षांस अवघड जाते. पात्रांसाठी वेगळी अनामत घेऊन नेताना व आणताना मोजदाद करावी आणि समारंभात फुटलेल्या किंवा हरवलेल्या पात्रांची किंमत अनामतीतून वजा करून बाकी परत द्यावी. काम करण्यापूर्वी एक नमुना भरून ग्राहकास दाखवावा, म्हणजे पुढे तक्रारीस जागा राहत नाही.

प्रत्येक कामानंतर अंदाजी खर्चाशेजारी प्रत्यक्ष खर्च लिहावा. तीन-चार कामांनंतर आपली फूट किती, आपला वेग किती व आपला खरा दर किती, हे वहीच सांगू लागते. शेतातील फुलांची विक्री व सजावटीच्या कामाचे उत्पन्न यांच्या नोंदी वेगळ्या ठेवाव्यात. सजावटीचे उत्पन्न हे शेतीचे उत्पन्न समजले जात नाही.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी काय करावे

हा जोडधंदा प्रत्येक गावास मानवेल असे नाही. फुले जवळ पिकतात, मंगल कार्यालये तासाभराच्या अंतरात आहेत आणि चार-पाच जण नेटाने एकत्र काम करतात, अशा ठिकाणीच तो सुचवावा. चातुर्मासात लग्ने नसल्यामुळे काम थांबते, हेही आधीच सांगावे. कार्यकर्त्यांनी लग्नसराईपूर्वी गटासमोर एका पात्राचे प्रात्यक्षिक करून दाखवावे आणि चोवीस तासांनी तेच पात्र पुन्हा सर्वांस दाखवावे. त्याच बैठकीत वरील तक्ता फळ्यावर मांडून स्थानिक दर गटातील भगिनींकडूनच भरून घ्यावेत. महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानांतर्गत स्थापन झालेल्या स्वयंसहायता गटांस हे काम विशेष सोयीचे आहे. फुलांची काढणी व काढणीनंतरची हाताळणी शिकू इच्छिणाऱ्यांनी तळेगाव दाभाडे येथील राष्ट्रीय सुगी पश्चात तंत्रज्ञान संस्थेच्या प्रशिक्षणवर्गांची चौकशी करावी.

आरंभी पंचवीस पात्रे विकत घेण्याची घाई करू नये. प्रथम दोन पात्रे घ्यावीत, फुलांची परीक्षा करावी, गावातील एखाद्या कार्यात ती मांडून पाहावीत व लागलेला वेळ घड्याळ लावून मोजावा. त्या मोजणीवरून आपला तक्ता तयार करावा आणि मगच दर सांगावा. जो दर आपल्या वहीतून निघाला आहे तो ठामपणे सांगता येतो, आणि एखादे काम त्या दरास मिळाले नाही तर ते का सोडले, हेही आपणास ठाऊक असते.